डाव्या हाताचा दोरा

वहिनी, बाबूकाका, आणि रविवारच्या आपल्या सगळ्या मंडळींनो, मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणाले होते. मी नर्स. माणूस गेल्यावर घरच्यांशी काय बोलायचं हे मला नोकरीनं शिकवलंय. पण त्यातलं एक वाक्य आज तोंडात येईनासं झालंय. अडखळले तर सांभाळून घ्या.

संपतआण्णा, आपले सुभेदारसाहेब, गेले त्याला आज तेरा दिवस झाले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, की ह्या बाईचं आणि सुभेदारांचं नातं काय? नातं चामड्याचं. आण्णा फौजेतून सुटून आटपाडीला आले, डाळिंबाची बाग पोराच्या हवाली केली, आणि म्हसवडला बाबूकाकांच्या दुकानात जाऊन बसले. काकांचा धंदा पिढीजात, चपला-जोडे शिवायचा. आण्णा म्हणाले, "काका, मला रापी धरायला शिकवा." रापी म्हणजे चामडं कापायची सुरी. गावात लोक हसले. सुभेदाराला ही काय अवदसा आठवली म्हणाले. मग आण्णा भर बाजारात काकांच्या पाया पडले, सगळ्यांदेखत. तेव्हा बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. म्हणजे समोर तरी बंद झाली.

पुढं आण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी आम्ही सात-आठजण जमायला लागलो. कुणी विट्याचा मास्तर, कुणी शिरवळच्या कारखान्यातला, आणि मी रिटायर झालेली, हाताला काम नसलेली. आम्हाला पोटासाठी शिवायचं नव्हतं. हौस, दुसरं काय! मी पहिल्यांदा चष्म्याचं घर शिवलं. लय मन लावून शिवलं. इतकं, की चारी बाजू शिवून टाकल्या. चष्मा घालायला तोंडच नाही! सगळे पोट धरून हसले. आण्णांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, टाका लय सरळ हाय. आन ह्येच्यातनं चष्मा काय हरवायचा न्हाई." मग हळूच म्हणाले, "हात बसंल."

हात बसंल. किती जणांना म्हणाले असतील? कुणाचा पट्टा तिरका कापला गेला, हात बसंल. कुणी दोन्ही चपला एकाच पायाच्या केल्या, हात बसंल. तुम्हीही ऐकलंय ना सगळ्यांनी?

आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर त्यांनी एक नियम घातला होता. कुणी केलेल्या वस्तूचा फोटो टाकला, की प्रत्येकानं आधी एक चांगलं सांगायचं, मग एक चुकलेलं. आण्णा म्हणायचे, "नुसतं चांगलं सांगनारा आळशी, आन नुसतं चुकल्यालं सांगनारा हलकट." आम्ही तो नियम कधी मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

महिन्याभरापूर्वी, डाळिंबाच्या तोडणीमुळं रविवारचं जमणं बंद असताना, आण्णांनी एक फोटो टाकला. बाबूकाकांच्या आरी-रापीसाठी त्यांनी पिशवी शिवायला घेतली होती, तिच्या खांद्याच्या पट्ट्याचा. खाली लिहिलं होतं, "काकांस्नी कळू देऊ नका. गुरूला द्यायची हाय." काका ग्रुपवर नव्हते, आणि आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही. गुपित एकदम पक्कं ठेवलं.

आता पाहुण्यांसाठी एवढंच सांगते. आम्ही शिवतो ते एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून. एक सुई उजव्या हातात, एक डाव्या. आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून इकडून एक, तिकडून एक, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. त्या फोटोत पहिला वीतभर पट्टा पट्टीनं रेघ मारल्यासारखा होता. पुढं मात्र टाके वाकडे जायला लागले होते. आम्ही सगळ्यांनी बघितलं. आणि सगळ्यांनी नियम पाळला. एकानं लिहिलं, रंग झकास, आरीला धार लावा. दुसऱ्यानं लिहिलं, कडा सुरेख, दोऱ्याला मेण कमी पडलंय. आणि मी काय लिहिलं? मी लिहिलं, "आण्णा, कातडं छान निवडलंय. डाव्या हाताचा दोरा सैल पडतोय. हात बसंल."

त्यांचं वाक्य त्यांनाच परत केलं. मला गंमत वाटली होती.

त्यांचं उत्तर आलं, "व्हय सिस्टर, दुरुस्त करतो."

ताया-मायांनो, दादांनो, मी आयुष्यभर दवाखान्यात काम केलं. चक्कर आलेला, बोबडं बोलणारा माणूस आला, की माझे दोन्ही हात पुढं करायची आणि म्हणायची, "दाबा. दोन्ही हातांनी दाबा." कुठला हात कमी दाबतोय ते अंधारात सुद्धा कळायचं मला. आणि इथं डाव्या हाताचा दोरा सैल पडतोय हे मी स्वतःच्या बोटांनी लिहिलं, आणि मला दोराच दिसला. हात दिसला नाही. फोन करून विचारलं सुद्धा नाही, "आण्णा, बरं आहे ना?" मेण सांगितलं, धार सांगितली, आरी सांगितली. काय करायचंय ते मेण?

वहिनी परवा मला म्हणाल्या, "त्येंनी तीनदा उसवलं वो सिस्टर. उसवायचं आन परत शिवायचं. म्हनायचे, मंडळींनी चूक काढलीया, तशीच ठिवून चालनार न्हाई." आम्ही काढलेली चूक दुरुस्त करत बसला तो माणूस. एका शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता खाली कोसळला, आणि पुन्हा बोललाच नाही. मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, आधी हाताला काही जाणवत होतं का? वहिनी म्हणाल्या, न्हाई. मी त्यांच्या मागं उभी होते. तो फोटो माझ्या मोबाईलात होता.

तिसऱ्या दिवशी बाबूकाका आले. वहिनींनी पिशवी त्यांच्या हातात दिली, म्हणाल्या, तुमच्यासाठी शिवत होते. काका रडले नाहीत. त्यांनी पट्टा घेतला, उलटा केला, आणि अंगठा फिरवत गेले. वीतभर गेल्यावर अंगठा थांबला. मग विचारलं, "डावा हात कवापासनं वढत न्हवता?"

त्यांनी आमच्या एकेकाकडं बघितलं.

"ह्यो मानूस आजारी हुता की. मला दावायचं की रं कुणीतरी!"

काका, तुम्हाला काय सांगू? तुमच्यापासूनच लपवून ठेवलं होतं. आणि तुम्हीच एकटे होतात, ज्यांना ते वाचता आलं असतं.

आमच्या मास्तरांनी सुचवलं, पट्टा उसवून नव्यानं सरळ शिवून देऊ. काका एवढंच म्हणाले, "ह्येच्या टाक्याला हात लावू नका." ती पिशवी आज त्यांच्या खांद्यावर आहे. शेवटचा चार बोटं पट्टा शिवायचा राहिलाय. दोन्ही सुया तशाच त्यात खोचलेल्या आहेत. तो कुणी शिवायचा? मला विचाराल, तर माझा हात धजत नाही. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर आण्णा वाचले असते का? नर्स असून मला ठाऊक नाही. आणि आता कधी कळणारही नाही.

आण्णा, फोटो तुम्ही टाकला होता. माझं उत्तर चुकलं, ते आज परत देते. नियमाप्रमाणे आधी चांगलं. पिशवी काकांच्या खांद्याला नेमकी बसलीय, पट्टा बोटभरही कमी-जास्त नाही.

आता चुकलेलं. ते तुमच्या शिवणीत नव्हतं आण्णा. परत उसवू नका.

मंडळी, उठा. दोन मिनिटं शांत उभे राहूया. काका, तुम्ही बसूनच राहा.