आधी टकल्याला

नाही, पण तुम्हीच सांगा, नात माझी आणि आधी त्याला? त्याला म्हणजे शेजारच्या उमाकांतला हो, रिटायर्ड इंजिनियर, डोक्याचा तुळतुळीत गोटा! आमची अश्लेषा कोरमंगलात कंपनीत आहे, मेसेज पाठवायचं ॲप करतात ते. त्यात आता नवीन आलंय, मेसेज आला की मोबाईल आपणच मराठीत वाचून दाखवतो. मी दुसरी नापास. बोम्मसंद्र्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलं, अक्षर कधी आडवं आलं नाही... पण पोरीचा मेसेज आला की जायचं त्या उमाकांतच्या दारात! तो चष्मा पुसत म्हणणार, "गुंडूराव, नात 'लव्ह यू आजोबा' म्हणतेय." माझं लव्ह यू, त्याच्या तोंडून! आणि परवा बाकावर बसलो तर त्याचा मोबाईल घडाघडा बोलतोय, माझा मुका. नात माझी, आणि आधी त्याला!

लावला फोन. म्हणते, "आजोबा, सगळ्यांना एकदम देत नाही, बिघडलं तर? टप्प्याटप्प्यानं. आधी एका टकल्याला, मग दहा..." रस्त्यावर रिक्षांचा हा कालवा, पण तुम्हाला सांगतो, एवढं मी स्वच्छ ऐकलं! असं होय, टकल्यांचा मान! तडक शिवकुमारच्या सलूनात. तो म्हणतो, "अण्णा, स्वल्प ठेवू?" म्हटलं, स्वल्पबिल्प काही नाही, सगळं उतरव! चौऱ्याहत्तर वर्षं जपलेले केस हो...

घरी आलो तर आमच्या हिनं, कृष्णाबाईनं दारातच हंबरडा फोडला, "अगंबाई, कोण गेलं हो?" निम्मं जे. पी. नगर गोळा! कोणी गेलं नाही, अपडेट आधी टकल्याला देतात म्हणून केलंय, म्हटलं, तर उमाकांतनं माझ्या गोट्याचा फोटो काढून, कारणासकट लगेच अश्लेषाला धाडला. वर मला म्हणतो, "शोभतं हो!" मी मोबाईल धरून बसलोय... मुकाच. आणि तेवढ्यात बोलला कोणाचा? हिचा! डोक्यावर एवढा अंबाडा, आणि मोबाईल सगळ्यांसमोर घडाघडा, "आजी, आजोबांना सांग, मी टक्क्याला म्हणाले, टक्क्याला! शंभरातल्या एकाला! टकल्याला नाही!"

नात माझी, आणि आधी हिला! बरं, नात हिचीपण आहे, बोलता येतंय काय?

आता काय... रोज उठून आधी डोकं चाचपतो, मग मोबाईल. दोन्हीकडं टप्प्याटप्प्यानंच येणार म्हणे!