थ्रेशरचं तोंड फिरवा

२२ ऑक्टोबर. कोरडं ऊन, वारा पश्चिमेकडून.

— नाई, ते ट्रॅक्टर बंद करा आधी, मंग बोला. किशनभाऊ, तुमाले बाजूच्या वावरातलं हेमसिंगचं सोयाबीन काढाचं आहे, काढा, पन थ्रेशरचं तोंड माह्या घराकडं नाई. वाऱ्याकडं पाठ करूनच मशीन लावा लागते, नाई तं भुसा तुमच्याच डोयात येते — माहीत आहे मले, मी का पुन्याहून आली? तुमच्या डोयात जाऊ नाई, माह्या निकिताच्या छातीत गेला तं चालते! सात वर्साची पोरगी, दोन पावलं धावली का बसते खाली, शिटीवानी आवाज येते छातीतून. हसू नका. मंगरूळपीरच्या डॉक्टरनं सांगतलं, धुळीची ॲलर्जी आहे, घरात धूळ होऊ देऊ नका. नाई होऊ देत मी. झाडू बंद केला — ओल्या फडक्यानं पुसतो, दोन टाइम. उशा उन्हात, चादरी उकयत्या पान्यात. मांजर नाल्याच्या पल्याड सोडून आली. सासूची गोधडी जाळली. हो, जाळली — तिच्या मायच्या लुगड्याची होती, तं मी काय करू? झटकली का धूळच धूळ. मनकर्णाबाई गेल्या मंग धनजले, धाकल्या पोराकडं. आठ दिवस झाले. निकिता रोज इचारते, आजी कवा येते. येईन. कोनी बलावलं तं येईन.

माह्याच मशीननं होते कशावरून, म्हन्ता? थांबा — हे पाहा वही. रोज लिहून ठेवतो मी, वारा कुठचा, निकिताले दम्याचा पंप किती खेप लागला. अठरा तारीख, तुमी इथंच तीन घंटे मशीन चालवली — पंप दोन खेप! आता बोला. …काय? सतराले? सतराले भी दोन. सोळाले दोन. मशीन नोती तं काय झालं, दुसऱ्या कोनाची चालू असन कुठं. चौदाले तीन — त्या दिवशी तं पानी होतं, कोनाचंच काई चालू नोतं… तुमी का वकील आहा? गोधडी तेराले जाळली, लिहिलं आहे, लपवलं नाई मी. दहाले? दहाले काई नाई. नवले काई नाई. अख्ख्या सप्टेंबरात दोनच खेप. अकराले… अकराले आपलं कुटार भरलं, सोयाबीनचा भुसा.

हो, तुमच्याच मशीनचं. मीच म्हन्लं होतं, एक घमेलं भी वावरात सोडू नका — म्हैस उन्हायाभर काय खाईन, तुमचं टायर? कुठं भरलं म्हंजे? मांगच्या टिनाच्या खोलीत. गोठा गयते ना. घरात नाई काई, वेगयी खोली आहे ते, मंधात तट्टा आहे. बांबूचा. शेनानं लिपला मी, माह्या हातानं — वरून हातभर उघडा आहे, तेवढाच. कुटार? टिनापर्यंत. निकिताची खाट… तट्ट्याले लागून. रस्त्याची धूळ तिथं पोचत नाई म्हनून मीच सरकवली. अकराले दुपारी. लिहिलं आहे.

काय पाहून राह्यले? डोकं हालवू नका माह्यासमोर. चार वर्सं झाले, फडकं माह्या हातात आहे, तुमच्या नाई. तुमी एक दिवस पुसून दाखवा, मंग शिकवा मले. आन हे धनजले कोनाजवय बोललात ना — जा. जिकडं तोंड कराचं तिकडं करा मशीनचं. म्हन्लं ना, जा.

थ्रेशर साडेदहाला सुरू झालं, दीडला बंद झालं. कुटार संध्याकाळी सहापर्यंत बाहेर काढलं. निकिताला पंप २२ला दोनदा, २३ला एकदा. २४ला लागला नाही.