पाचपैकी किती

कर्जतच्या एसटी स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघताना निवृत्त शिक्षिका जयवंताबाईंना शेजारच्या बाकावरच्या बी.एड.च्या दोन दमलेल्या मुलींचं बोलणं ऐकू आलं.

"भाविका, संशोधनाचा तो फॉर्म भरलास? डिजिटल शिकवणं किती जमतं, पाचपैकी गुण द्यायचेत."

"दोन दिले होते. समीक्षा, तू गं?"

"पाच. सरावपाठाला प्रोजेक्टर लावला, फोटो काढले, बंद केला. मग खडूनंच शिकवलं."

"मग पाच कशाला?"

"मॅडम म्हणाल्या, कमी दिले की कॉलेजचं नाव जातं. आपले गुण त्यांच्याच हातात हायत."

"माझा फॉर्म त्यांनी परत दिला. म्हणाल्या, घरी नीट विचार कर."

कळंबची गाडी लागली. जयवंताबाई उठल्या नाहीत.

"मग केलास विचार?" समीक्षानं विचारलं.

"केला गं. दोन जास्तच होते. एक दिला."