चौऱ्याहत्तर नंबरचा बिल्ला

बसा जावईबापू, बसा. ती गाडीची किल्ली आधी खिशात टाका. पिंपरीले लग्नात जाचं हाय ना, जाजा. तुमाले कोण अडवते? पण तीन नंबरच्या उतारावरून जातो म्हणता, म्हणून बोलावलं. वच्छला, सिगडीत दोन कोळसे घाल अन् दार लोटून घे. हां. आता ऐका.

आज तुमाले हे गाव म्हणजे चार पडके क्वार्टर अन् एक थंड चिमणी दिसते. पण पहिले इथं तेबी नोतं. नदीच्या अलीकडे इंग्रजाचं राज, पलीकडे मोगलाई. इकडे कोणी कोणाचं डोस्कं फोडलं, की रातोरात नदी पार. शिपाई काठावर येऊन बिडी ओढे अन् परत जाय. तिकडून पळालेला इकडे, इकडून पळालेला तिकडे. माहा आजाबी असाच रातचा आला होता. काहून आला, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाई. आपणबी इचारलं नाई.

मंग एक दिवस एका धनगरानं चुलीले काळे दगड लावले. भाकर भाजली, अन् चूलच पेटली. झालं! गोरा साहेब आला, रूळ आले. तेलंगी आले, बिलासपुरी आले, जंगलातले आमचे गोंड भाऊ आले. अन् या साऱ्याहिच्या पहिले दारूचं दुकान आलं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा जावईबापू, नाई तर पुढचं समजणार नाई. खाणीत उतरताना बत्तीघराच्या खिडकीतून माणसाले दोन चिजा भेटत. एक बत्ती, अन् एक पितळेचा बिल्ला, त्याच्या नंबराचा. बिल्ला खिशात, म्हणजे माणूस खाणीत. वर आला की बत्ती अन् बिल्ला खिडकीत परत. बत्तीबाबू तो बिल्ला फळीवर त्याच नंबराच्या खुंटीले टांगे. खुंटी भरली, म्हणजे माणूस भायेर. कोण जिता, कोण दबला, हे त्या फळीवरूनच समजे. देवापेक्षा मोठी होती ती फळी आमाले.

अन् दुसरा एक नेम. दगडामागून ठोका आला, की जितके ठोके तितकेच उलट देयाचे. दबलेल्याले समजते, की वर कोणी तरी हाय. हा नेम कोणी मोडत नसे. दारू पिऊन पडलेला माणूसबी झोपेत ठोक्याले ठोका दे, असं हाडीमासी भिनलं होतं.

तीन नंबर म्हणजे जमिनीत तिरपी उतरत गेलेली वाट. माह्या लहानपणी तिथं आग लागली. कोळशाले आग लागली की पाण्यानं इझत नाई, हवा तोडा लागते. म्हणून उताराच्या तोंडावर इटाची भिंत बांधाचं ठरलं. साहेबानं इचारलं, आत कोणी हाय का? फळीवर अकरा खुंट्या रिकाम्या. पण तितला कोळसा जळू देणार कोण? साहेबानं बत्तीबाबूले खोलीत नेलं. थो भायेर आला, अन् त्यानं कोरे अकरा बिल्ले त्या खुंट्यांवर टांगून देल्ले. फळी भरली! भिंत बांधली. गवंडी सांगत, तीन दिवस आतून ठोके येत होते. कोणी उत्तर देल्लं नाई. शिपाई बंदूक घेऊन उभे होते.

मागाहून लोकांनी ते खोटे बिल्ले काढून नदीत फेकले. त्या अकरा खुंट्या मंग कोणाले देल्ल्या नाई.

आता आमचा आयतू टेकाम. छतीले लाकडाचे टेकू लावाचं काम त्याचं. अन् ढोलकी! आयतूच्या ढोलकीशिवाय आपल्या भागात दंडार उभी राहत नसे. दंडार म्हणजे आपल्या इकडचा रातभराचा नाचगाण्याचा खेळ. त्या दिवशी पिंपरीले दंडार होती. दिवाळीनंतरचे दिवस. आयतूची पाळी सुटली तवा दिवस बुडला होता. धावत बत्तीघरापाशी गेला, तर खिडकी बंद. वेळ व्हायची होती, तरी बंद. त्यानं बत्ती ओट्यावर ठेवली अन् घरी पळाला. हातपाय धुतले, ढोलकी गळ्यात घातली अन् निघाला. सडकेनं तीन कोस. तीन नंबरावरून एकच. बायको म्हणे, सडकेनं जा. थो म्हणे, ढोलकीवाल्याची वाट पाहून लोकं माह्या मायबापाचा उद्धार करतील. अन् गेला.

ऐकता ना जावईबापू? पाहा, ती वाट कशी हाय. जमीन आतून अजून जळते. हिवाळ्यात साऱ्या रानात दव पडते, तिथं पडत नाई. अनवाणी गेलं तर तळवे भाजतात. गवत नाई, कीडकिरकीर नाई. आयतू चालून रायला, चालून रायला. डाव्या हाताले भिंत आली. त्यानं तिकडे पाह्यलं नाई. पाय उचलले.

ठक. ठक. ठक.

तीन ठोके. भिंतीतून.

अन् आयतूचा हात! त्यानं नाई केलं जी, त्याच्या हातानं केलं. बोटं ढोलकीवर पडली. तीन ठोके. इतल्या वर्सात त्या भिंतीले भेटलेलं पहिलं उत्तर.

आयतू जागच्या जागी थिजला. थोड्या वेळानं पाच ठोके. त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. तर ढोलकी आपल्या मनानं वाजली. पाच. मंग ठोके पायाखालून आले. चालला, तर ठोके सोबत चालले. थांबला, तर थांबले.

अन् समोर एक बत्ती दिसली.

खाणीतलीच बत्ती, कमरेच्या उंचीवर हालत जाणारी. आयतूले जीवात जीव आला. वाटलं, आपलाच कोणी पाळीवरून घरी चालला. हाक मारली. समोरचा वळला नाई, पण हळू झाला. सोबत भेटली म्हणून आयतू त्याच्या मागं लागला. चालता चालता पायाले गार लोखंड लागलं. रूळ. हे रूळ तर कवाचेच उखडून नेले होते! वारा बंद झाला. तोंडावर गरम वाफ आली, कोळशाच्या धुराची. वाट उताराले लागली. त्यानं वर पाह्यलं, तर चांदण्या नाई. हात वर केला, तर छत! त्याच छतीले हात लावत त्याचं आयुष्य गेलं होतं, त्याले सांगा लागत नोतं. मागं वळून पाह्यलं. मागं भिंत. इटाची. अन् थो भिंतीच्या आतल्या बाजूले उभा.

वच्छला, माह्या अंगावरचं घोंगडं दे. थंडी नाई, असंच.

समोरची बत्ती थांबली. तिच्या बाजूले दुसरी पेटली. मंग तिसरी. दहा बत्त्या ओळीनं, अन् त्याहिच्या पुढं एक मोठी, सरदाराची, म्हणजे पाळीच्या मुकादमाची. तोंडं दिसत नोती. हात दिसत होते, बत्ती धरलेले, अन् बोटाहिले नखं नोती. ठोकून ठोकून झिजलेली बोटं. सरदारानं हजेरी घेणं सुरू केलं. एकेक नंबर घे, अन् एकेक बत्ती हाले. हाजिर. हाजिर. अकरा झाले. आयतूनं मनात मोजले. अकराच होते ना? झालं. आता सरदार गप बसन.

"चौऱ्याहत्तर."

चौऱ्याहत्तर नंबर आयतूचा.

जावईबापू, वीस वर्स ज्यानं रोज सकाळी आपला नंबर ऐकून हाजिर म्हटलं, त्याच्या जिभेवर काय आलं असन? त्यानं दातात जीभ दाबली. रक्त निघालं. सरदार एक पाऊल पुढं आला अन् पुन्हा तेच म्हणला. चौऱ्याहत्तर. अजून एक पाऊल. बत्तीची आच आयतूच्या छातीले लागली. त्याले वाटलं, सांगून टाकाव, का माहा बिल्ला खुंटीवर हाय, मी भायेरचा माणूस हाय. नंबर घेतला की बिल्ला चाचपाची सवय, म्हणून हात खिशात गेला.

बिल्ला खिशात होता.

बिल्ला खिशात, म्हणजे माणूस खाणीत. समजलं ना? खिडकी बंद होती, घाईत परत कराचा रायला. वर फळीवर चौऱ्याहत्तर नंबराची खुंटी रिकामी होती. त्या अकरा खुंट्यांसारखी.

अन् ती खिडकी बंद करणारा बत्तीबाबू कोण? मी. मीच होतो. मले दंडारीत पुढची जागा पायजे होती. अर्धा घंटा पहिले कुलूप लावलं अन् दुसऱ्याच्या बैलगाडीत बसून पिंपरीले गेलो. आयतू तिथं उभा होता तवा मी पुढं मांडी घालून बसलो होतो, अन् ढोलकीवाला कुठं मेला म्हणून दात काढत होतो. हे माह्या तोंडातून गेलं. तुमाले खोटं काहून सांगू?

सरदारानं हात पुढं केला. "बिल्ला कुठं हाय?"

आयतू खोटं बोलू शकत होता. पण खोट्या बिल्ल्यानंच ते अकरा मेले, हे त्याले माहीत होतं. त्यानं बिल्ला काढून तळहातावर धरला. म्हणाला, "माह्याजवळ हाय. मी वर गेलो होतो. खिडकी बंद होती."

बत्त्या बारीक झाल्या. बिल्ला देल्ला तर आपण सुटतो, का कायमचे त्याहिच्या पाळीत जातो, हे त्याले समजत नोतं. तरी त्यानं बिल्ला त्या झिजलेल्या बोटांवर ठेवला. बोटं बंद झाली. साऱ्या बत्त्या एकदम गेल्या.

कोंबडा आरवला तवा आयतू भिंतीच्या भायेर होता, इटाले डोस्कं टेकून. दोन्ही हाताची सालं निघालेली. ढोलकीचं कातडं फाटलेलं. तसाच उठला, अन् घरी नाई गेला, बत्तीघरी आला.

मी तवाच कुलूप खोलून रायलो होतो. किल्ली रातभर माह्या करदोट्याले होती. खिडकीची कडी आतून लावलेली होती, जशी म्या लावली होती तशीच. दार खोललं, अन् फळीकडे पाह्यलं. चौऱ्याहत्तर नंबराच्या खुंटीले बिल्ला टांगलेला. हात लावला, तर चटका बसला. बिल्ल्यावर कोळशाची बोटं उठली होती. मागं आयतू उभा. थो फळीकडे पाहे, मी त्याच्या हाताकडे पाहो.

माहं काम त्याहिनं केलं होतं. ज्याहिचे बिल्ले कोणी खरे टांगले नाई, त्याहिनं आयतूचा टांगला.

त्या दिवसापासून शेवटचा माणूस वर आल्याबिगर म्या खिडकी बंद केली नाई. माही माय मेली, त्या दिवशीबी नाई.

आता तुम्ही म्हणसान, मंग ते भुतं चांगलेच हायत, त्या वाटेनं गेलं तर काय होते? थांबा. गोष्ट संपली नाई.

आयतू दोन वर्सापहिले गेला, आपल्या खाटेवर, नातवंडाहिच्या मधात. जायच्या आधल्या दिवशी त्यानं मले बोलावलं. म्हणाला, "बाबू, बिल्ला घेतल्यावर सरदारानं एक गोष्ट इचारली होती. तुमाले सांगितली नाई." म्या इचारलं, काय?

"म्हणे, खिडकी कोणी बंद केली? नाव सांग अन् जा."

आयतूनं नाव सांगितलं नाई. रातभर त्याहिनं तेच इचारलं. अन् रातभर त्यानं आतून भिंत ठोकली, माहं नाव तोंडातून निघू नये म्हणून. हाताची सालं अशी गेली होती. मले वाटत होतं आयतू वाचला. वाचलो होतो मी.

ते अजून इचारून रायले जावईबापू. येणाऱ्या जाणाऱ्याले इचारतात. म्हणून त्या वाटेनं कोणी जाऊ नोका. सडकेनं जा, अर्धा घंटा उशीर झाला तर लग्न काही पळून जात नाई. अन् कवा चुकून गेलेच, ठोका आला, तर उत्तर देऊ नोका.

अन् सारं गाव मले बत्तीबाबा म्हणते. खरं नाव तुमच्या सासऱ्याले माहीत हाय, वच्छलेले माहीत हाय. तुम्ही ते इचारू नोका.