निवडुंगाचं शुद्ध तेल

—आणि रडायचं असेल तर तिकडे सरकून रड, चिमे, या काचेच्या नळ्या आत्ताच पुसल्यात मी. सख्खी बहीण झालीस म्हणून काय रिपोर्ट बदलू? तूच बाटली आणलीस, तूच म्हणालीस, ताई, तुझ्या लॅबमध्ये तपासून दे, उद्या व्यापाऱ्याला दाखवायचंय. दिलं तपासून! हे निवडुंगाच्या बियांचं तेल नाही. म्हणजे आहे — नावापुरतं. बाकी सगळं सूर्यफूल, स्वयंपाकघरातलं.

आता म्हणशील, लिनोलेइक आम्ल तर बरोबर निघालं. निघणारच! दोन्ही तेलांत निम्म्याहून जास्त तेच असतं — म्हणून तर तेल अंगात पटकन मुरतं, आणि उघडं राहिलं की लवकर खवट होतं. तिथं काही फरक दिसायचा नाही. फरक कुठे? व्हिटॅमिन ईमध्ये. निवडुंगात गॅमा जातीचं, सूर्यफुलात अल्फा. तुझ्या बाटलीत अल्फाच अल्फा!

तू नाही घातलंस, ते का मला कळत नाही? तुझं डोकं तेवढं चालतंय कुठे! तू आपली फळं सोलत बसलीस, बोटांत बारीक काटे भरून घेतलेस — दाखव — शी, पिकलंय की — आणि बी म्हणजे नुसता दगड, टोपलीभर दळावं तेव्हा वाटीभर तेल. घाण्यावर कोण असतं? तुझा नवरा. बाटल्या कोण भरतं? तुझा नवरा. त्याला मी तेव्हाच बजावलं होतं, शेंगदाण्याचं घालू नकोस, त्यात ओलेइक आम्ल जास्त, लगेच पकडला जाशील, घालायचंच तर—

अशी बघतेस काय? विचारायला आला होता. मला नाही तर कुणाला विचारणार, तुला? इथं नाही गं, माझ्या घरी. येतो अधूनमधून. तुला काय सांगून निघतो — रिकाम्या बाटल्या आणायला? हसू येतं बाई! त्याच्याशी ओळख आधी माझी होती, विसरलीस? लहानपणापासून सगळं आधी तुझ्या पदरात — धाकटी ना तू! — आणि मला राग यायचा, भयंकर राग यायचा, पण तो बघायला वेळ कुणाला होता?

काय? मग खरं तेल गेलं कुठे? गुण आहे हं त्या तेलाला, खोटं कशाला बोलू. माझ्या गालाला हात लावून बघ.

नको? बरं. बाटली उचल तुझी. रिपोर्ट बाहेरच्या टेबलावरून घे. आणि जाताना दार नीट ओढून घे, एसी चालू आहे.