अर्ध्या तासाचं ऐकणं

(डोंगरातली दगडी खोपी. एक खिडकी, एक चूल, भिंतीला तीन पाठपिशव्या. दिवस कलायला आलेला.)

काकू : ...पाचव्यांदा हाक मारली, तेव्हा तरी मागं वळून बघावं की नाही माणसानं? नाही. हे आपले सरळ चालत सुटले.

वाटाड्या : काकू, साखर किती घालू चहात?

काकू : साखरेचं राहू द्या हो. पंचवीस वर्षं तुम्ही लोकांना डोंगर दाखवताय, नवराबायकोच्या जोड्या शेकड्यानं पाहिल्या असतील. सांगा बरं, काल ओढ्यापाशी मी बोलले ते एवढं लागण्यासारखं होतं का?

वाटाड्या : काय बोललात?

काकू : म्हटलं, सत्तरीला आलात, दगडांवरून उड्या कसल्या मारताय. तुमच्यासमोर म्हटलं, तेवढं चुकलंच. नोकरीत होते तेव्हापासून या वाटेचा ध्यास होता त्यांना. आणि मी मध्येच वय काढलं.

वाटाड्या : त्याचं काही नाही. इथं येणारी प्रत्येक बाई वय काढते. पुरुषही काढतात, फक्त गुडघ्याचं नाव सांगतात.

काकू : मग सकाळपासून बोलत का नाहीत? बघा की खिडकीतून. त्या खडकावर बसलेत, मांडीवर ती काळी पाटी घेऊन. ढगांना पाटी दाखवत बसलेत.

वाटाड्या : सोलर पॅनल आहे ते. ऊन शोधतायत.

काकू : ऊन कुठंय? दोन दिवस सूर्य दिसला नाही.

वाटाड्या : ढगातूनही थेंब थेंब मिळतं. अगदीच थेंब.

काकू : तुम्ही काहीतरी दडवताय. मघापासून तोच कप पुसताय.

वाटाड्या : मला सांगू नको म्हणालेत.

काकू : म्हणजे सांगण्यासारखं आहे. सांगा.

वाटाड्या : काकू, ते रागावलेले नाहीत. त्यांना ऐकूच येत नाहीये.

काकू : ऐकायची यंत्रं आहेत की कानात.

वाटाड्या : कानात नाहीत. खिशात आहेत, बंद करून. टोपी कानावर ओढलीय म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

काकू : बंद? कशाला?

वाटाड्या : अर्ध्या तासाची वीज उरलीय त्यांत. ती वाचवतायत.

काकू : पण पॉवर बँक आहे ना? दहा दिवस पुरेल म्हणाले होते. कानातल्या यंत्राला लागते किती, चिमणीच्या चोचीएवढी, असं मलाच समजावलं होतं घरी.

वाटाड्या : पुरलीच असती. पण काल सकाळी बघितलं तर तिच्यावरचा एकच दिवा पेटत होता. आज सकाळी तोही नाही.

काकू : अशी कशी संपली?

वाटाड्या : आता ते...

काकू : थांबा. परवा रात्री मी माझा फोन जोडला होता त्या पॉवर बँकेला.

वाटाड्या : हं.

काकू : घरी सवयच आहे हो माझी. झोपायच्या आधी सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावायचे, मग दार लावायचं. परवा फोन बघितला तर साठ टक्के. म्हटलं, साठ म्हणजे कमीच. लेकीचा निरोप आलाय का तेही बघितलं, म्हणून ते विमानाचं चिन्ह असतं ना, ते काढलं.

वाटाड्या : आणि परत लावलं नाहीत.

काकू : नाही लावलं. त्यानं काय होतं?

वाटाड्या : इथं रेंज नाही. फोन बिचारा रात्रभर हाका मारत बसतो, कुणी आहे का, कुणी आहे का. हाका मारून दमतो आणि पॉवर बँकेतून पीत राहतो. आणि पॉवर बँक ठेवली कुठं होतीत?

काकू : परवाच्या मुक्कामी, खिडकीच्या कट्ट्यावर. हे तिला कुशीला घेऊन झोपत होते, म्हटलं अंगाखाली येईल, फुटेल. नीट पुसून ठेवली होती.

वाटाड्या : बाहेर पाणी गोठलं होतं त्या रात्री.

काकू : देवा. म्हणजे मीच. आणि यांनी एका शब्दानं सांगितलं नाही.

वाटाड्या : मी म्हटलं, काकूंना सांगा, त्या समजून घेतील. तर म्हणाले, ती समजून घेणार नाही, ती स्वतःला शिक्षा करेल. जेवण सोडेल, नाहीतर दुसरं काही.

काकू : तसं काही मी करत नाही.

वाटाड्या : आता भाकर पुढं ठेवली तर खाल?

काकू : आत्ता भूक नाहीये.

वाटाड्या : तेच म्हणत होते ते.

काकू : तुम्हाला ठाऊक नाही, दादा. एकोणीस वर्षांपूर्वी हे विजेच्या खांबावरून पडले. वायरमन होते ना. नऊ दिवस डोळा उघडला नाही. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, ऐकू जात असेल कदाचित. मला काय बोलावं सुचेना. पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक होतं, त्यातलं एक पान वाचलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. दहाव्या दिवशी यांनी डोळे उघडले. तेव्हा नेम धरला, रोज दिवेलागणीला एक पान, यांच्या कानी पडेल असं. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. लेकीच्या लग्नात चुकला नाही. माझ्या आईला पोचवून आले, त्या दिवशीही नाही.

वाटाड्या : म्हणून वाचवतायत तो अर्धा तास.

काकू : त्यासाठी दिवसभर मुके चालले?

वाटाड्या : मुके नाही. बहिरे. मुके ते मुळातच आहेत थोडे.

काकू : आणि तो अर्धा तास तरी खराच आहे का?

वाटाड्या : नक्की सांगता येत नाही, तीच धास्ती आहे त्यांना. यंत्र सकाळीच टुंग टुंग करायला लागलं होतं. चालू केल्यावर पाच मिनिटांत मिटलं तर आजचं पान गेलं. म्हणून बसलेत तिथं, दोन थेंब आणखी मिळाले तर.

काकू : तुमच्याकडे काही नाही?

वाटाड्या : माझा वायरलेस सुट्या सेलवर चालतो, ते यात बसत नाहीत. मोठ्यानं वाचून नाही चालणार?

काकू : प्रार्थना काय ओरडून म्हणतात? आणि यंत्राशिवाय यांना नुसती घरघर जाते, शब्द नाही.

वाटाड्या : ती पॉवर बँक कुठंय आता?

काकू : यांच्या पिशवीच्या बाहेरच्या खणात. संपलेली म्हणून टाकली असेल.

वाटाड्या : द्या इकडे. बर्फाचा खडा झालाय. काकू, ही पुरती संपलेली नसणार. गारठलीय. वीज आत आहे थोडी, पण बाहेर यायला तयार नाही. माझी आजी थंडीत पांघरुणातून निघायची नाही, तसं.

काकू : चुलीजवळ ठेवू?

वाटाड्या : नको, नको. भाजेल आणि आपल्यालाही भाजेल. अंगाची ऊब पाहिजे. स्वेटरच्या आत, पोटाशी धरा. घाई करायची नाही.

काकू : किती वेळ?

वाटाड्या : दोन कप चहा होईपर्यंत.

काकू : अगं बाई, गार आहे.

वाटाड्या : असू दे. आता मांजरीसारखं बसून राहा. आणि भाकर खा. पोटात काही असलं की ऊब येते. नेमासाठीच खा म्हणतोय.

काकू : तुम्ही बोलण्यात मोठे लबाड आहात.

वाटाड्या : डोंगरात लोकांना चालवायचं तर लागतं.

काकू : बघू का आता?

वाटाड्या : अजून नाही. भाताचं झाकण सारखं उघडल्यासारखं करू नका.

काकू : ते उठले. आत येतायत. सांगायचं कसं यांना?

काका : गेला उजेड. काहीच नाही मिळालं. काय रे, चहा आहे का? आणि ही अशी पोट धरून का बसलीय? दुखतंय का तुझं?

वाटाड्या : खुणेनं सांगतो. काका, डबी द्या. यंत्रं चार्ज करायची डबी. हां. काकू, काढा आता.

काकू : पेटला. एक दिवा पेटला. लुकलुकतोय.

वाटाड्या : डबीची वायर लावा तिला लगेच. गुंडाळून ठेवा शालीत, परत पोटाशी. हलवू नका.

काका : तू सांगितलंस हिला.

वाटाड्या : आता नाही म्हणून मान कशाला हलवू, काकू, कळलंय त्यांना.

काकू : विझला दिवा.

वाटाड्या : असू दे. पंधरा-वीस मिनिटं यंत्रं चार्ज झाली, पुष्कळ झालं. काका, घाला कानात.

काका : ...हं. बोला कुणीतरी.

काकू : अहो.

काका : येतंय. छान येतंय.

काकू : अहो, ती पॉवर बँक मी...

काका : माहीत आहे. वायर तू लावलीस की लूप करून रबर लावतेस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वायरी सोडवल्यात मी, बायकोची ओळखू येणार नाही? आता त्यावर वीज घालवू नकोस. पान काढ.

काकू : पण तुम्हाला तरी कळायला हवं होतं, थंडीत ती गारठते ते. वायरमन ना तुम्ही?

काका : मी खांबावरच्या विजेचा माणूस. डबीतल्या विजेला आम्ही वीज म्हणत नव्हतो.

वाटाड्या : मी बाहेर थांबू का?

काकू : बसा हो. ऐकलंत तर बरंच आहे. चष्मा कुठं गेला माझा? हा. कालचं पान इथं संपलं होतं... 'ज्यानं वाट दिली त्यानंच पाय दिले. चालणाऱ्यानं पुढच्या वळणाची चिंता करू नये. जिथं थांबेल तिथं त्याची ओसरी आहे, जे मिळेल ते त्याचं ताट आहे. आणि सोबत जो चालतो त्याच्या रूपानं तोच चालतो.'... एवढंच आहे पान. छोटं आलं आज.

काका : बरोबर बेताचं आलं.

वाटाड्या : झालं? मग काका, बंद करा लगेच. उद्या दुपारी आपण खिंडीत पोचतो, वारा फिरलाय, उद्या ऊन नक्की. पॅनल पाठीवर टांगून चालायचं नाही, खिंडीत दगडावर सूर्यासमोर धरून तासभर बसायचं. मी राखण करतो.

काका : बरं. आणि पॉवर बँक आज कुणाच्या कुशीत?

काकू : माझ्या.

काका : फोन?

काकू : तो बंद करून मोज्यात घातला. लेकीला काय निरोप द्यायचा तो खाली जाऊन देऊ.

काका : मग एक सांग. दिवसभर मागून काय बोलत होतीस? पाच-सहादा तुझी काठी वर झालेली दिसली मला. वाटलं, कोसळतंय की काय काही.

काकू : काही नाही हो.

काका : सांग. अजून चालू आहेत.

काकू : त्या धबधब्याखालून जाताना म्हटलं, आपल्या पहिल्या खोलीच्या मागं टाकी होती बघा, भरून वाहायची, तसा आवाज येतोय. तेवढंच. इथंही येतोय तो. खिडकीपाशी या.

काका : ...हो की. तसाच.

काकू : वीज वाया जाते म्हणून तुम्ही झोपेतून उठून मोटर बंद करायचात.

वाटाड्या : काका, यंत्रं. बंद करा आता.

काका : थांब रे. आज राहू दे वाहत.