दुसरी सीडी

आत्माराम : ...म्हणून म्हणतो, फक्त पहिली सीडी लावू. त्यात गाणी आहेत, डोंगर आहेत, शेवटी लग्न. लोक खूश, साडेआठला गच्ची रिकामी.

रुचिता : सकपाळ काका, आईची श्रद्धांजली आहे. तुम्हीच म्हणालात ना, सोसायटीतर्फे मनोरमाताईंचा सगळ्यात आवडता पिक्चर दाखवू? अर्धा आवडता असं नव्हतं म्हणालात.

आत्माराम : तेव्हा मी बघितला कुठे होता? काल मिसेसबरोबर बसलो. अगं, दुसऱ्या सीडीत ती बाई बिघडते.

रुचिता : बिघडते म्हणजे?

आत्माराम : नवरा बिचारा तिकडे धरण बांधतोय, आणि ही जुन्या मित्राच्या दुकानात जाऊन बसते. तो सतारी दुरुस्त करतो. हिच्या हातात एक तुटकी सतार. वाजवता तरी येते का हिला? नाही येत!

रुचिता : मग काय करते तिथे?

आत्माराम : काहीच करत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. नुसती बसून राहते. काही केलं असतं तर तेवढं कापता तरी आलं असतं.

रुचिता : शेवट बघितलात?

आत्माराम : नाही. मिसेस रडायला लागली, म्हणून मी बंद केला. तर तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी. बरं ते सोड. फ्लेक्स छापून आलाय, हा बघ. अख्ख्या जेसल पार्कात कुठल्या सोसायटीने असं केलंय सांग.

रुचिता : यात आई कुठे आहे?

आत्माराम : ही काय, खाली कोपऱ्यात. वर नगरसेवक साहेब, मध्ये आपली कमिटी.

रुचिता : कमिटी हसतेय.

आत्माराम : तो गणपतीतला फोटो आहे. नवीन काढायला टाइम कुठे होता? हे बघ, साहेब स्वतः येणार आहेत. त्यांच्यासमोर एक लग्न झालेली बाई दोघांमध्ये अडकलेली दाखवायची, बरं दिसतं का?

रुचिता : साहेबांचे दोन संसार आहेत, काका. एक इथे, एक हाटकेशला.

आत्माराम : ते पर्सनल आहे. हे गच्चीवर आहे.

रुचिता : पूर्ण पिक्चर लागेल, नाहीतर काहीच नको.

आत्माराम : अगं, तुझ्या बाबांचा तरी विचार कर. बायको जाऊन महिना नाही झाला. अख्खी सोसायटी त्यांच्याकडे वळून वळून बघणार, मनोरमाताईंना नेमकं हेच का आवडत होतं म्हणून.

रुचिता : हळू बोला. आत चहा टाकतायत ते. आणि लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. आईला एक पिक्चर आवडायचा, त्यात एवढं शोधण्यासारखं काय आहे?

आत्माराम : बरं बाई. तुमच्या घरच्या सीड्या दे, भाड्याच्या प्लेअरवर चालतात का बघून ठेवतो. ...ही पहिली तर कोरी करकरीत आहे, आरशासारखी. तोंड दिसतंय माझं. आणि ही दुसरी... बाप रे! केवढे ओरखडे! पुसून पुसून धुरकट झालीय. रोज लावायच्या की काय?

रुचिता : माहीत नाही. मी सुट्टीला यायचे तेव्हा सिरियलच चालू असायची.

आत्माराम : म्हणजे लग्न होतं ते कधी बघायच्याच नाहीत, आणि लग्नानंतरचं मात्र...

रुचिता : काका.

आत्माराम : मी कुठे काय म्हणालो? आणि हे काठाला पांढरं काय लागलंय?

रुचिता : द्या ती इकडे. पहिलीच लावा.

आत्माराम : आत्ता तर भांडत होतीस!

रुचिता : आता नाही भांडत. पहिली लावा, लग्न दाखवा, समोसे वाटा. फक्त बाबांसमोर ओरखड्यांचं काही काढू नका.

(पंढरीनाथ चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतात.)

पंढरीनाथ : टूथपेस्ट आहे ती.

रुचिता : बाबा, तुम्ही ऐकत होतात?

पंढरीनाथ : किचनला पडदा आहे गं, दार कुठे आहे? घ्या आत्मारामभाऊ, साखर कमी पडलीय. ती दुसरी सीडी अडकायची. मी कामावर गेलो की दुपारी लावायची मनोरमा. संध्याकाळी काही बोलायची नाही, पण चेहऱ्यावरून कळायचं, आज अडकली. मग ती भाजीला खाली उतरली की मी टूथपेस्ट लावून पुसून ठेवायचो. जुन्या बनियनचं फडकं घ्यायचं. गोल नाही पुसायचं, मधून बाहेर, सरळ.

आत्माराम : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

पंढरीनाथ : काय?

आत्माराम : नाही, हेच... वहिनी दुसरीच लावतात ते.

पंढरीनाथ : पहिलीच्या कव्हरवर धूळ असायची.

रुचिता : आणि आईला? तुम्ही पुसून ठेवता ते माहीत होतं?

पंढरीनाथ : टूथपेस्ट एवढी लवकर कशी संपते, म्हणून कधी बोलली नाही. एरवी साबणाच्या वडीवरून तासभर बोलायची.

रुचिता : तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत?

पंढरीनाथ : विचारलं असतं तर तिने बघणं बंद केलं असतं.

आत्माराम : पंढरीनाथ, एक सांगा हो. शेवटी काय होतं? नवऱ्याकडे परत येते ना? नाही, म्हणजे मिसेसला सांगायचंय.

पंढरीनाथ : मला काय माहीत? मी पुसून ठेवायचो. लावली कधी नाही.

रुचिता : बाबा, नको असेल तर राहू दे. पहिलीच लावतील ते.

पंढरीनाथ : दोन्ही लावा.

आत्माराम : पण साहेब...

रुचिता : साहेबांना पहिलीनंतर हार घाला आणि समोसा देऊन पाठवा. त्यांना तसंही दुसरीकडे जायचं असेल.

आत्माराम : हां, ते मॅनेज होईल. दुसरी आमच्याकडची आणतो, ती अडकत नाही.

पंढरीनाथ : आमचीच लावा. चालते ती.

आत्माराम : बरं, तुमचीच लावू. आणि तुमची खुर्ची पहिल्या रांगेत, एकदम मधोमध.

पंढरीनाथ : नको, मागे ठेवा, टाकीजवळ. पुढे बसलो तर लोक माझ्याकडे बघत बसतील. मला पिक्चर बघायचाय.